जोडणीची रायफल : सौदा फायद्याचा की गळ्यातलं लोढणं?

शिरपूर, सेंधवा ओलांडून आग्रा रोडने खलघाटच्या पुढे गेलं की धारचा मुलूख लागतो, इंदूरच्या पलीकडे देवास. दोन्ही पवारांची जुनी संस्थानं. धार एक आणि देवास थोरली पाती, धाकटी पाती असं दोन. १९४८ मध्ये ती मध्य भारतात विलीन झाली, पण त्या काळातल्या शिकारीच्या रायफली तिथेच संपल्या नाहीत. काही घरांत त्या परवान्यावर अजून आहेत आणि हातोहात विकल्याही जातात. अशा सौद्यात "माल विदेशी आहे, फक्त नळी नवी बसवलीय" किंवा "जोडणी उत्तम आहे, निम्म्या भावात मिळतेय" ही वाक्यं हमखास ऐकू येतात. जळगाव-धुळ्यापासून इंदूर-देवासपर्यंतच्या परवानाधारक मराठी माणसाने असा सौदा पारखायचा कसा, त्याची ही माहिती.

थोडक्यात सांगायचं तर जोडणीच्या रायफलीत आधी कागद बघायचा, मग बोअर, मग नळी आणि सगळ्यात शेवटी भाव. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात.

जोडणीची रायफल म्हणजे काय?

एका कारखान्याचा मूळ सांगाडा (ज्यात बोल्ट फिरतो तो भाग), दुसऱ्याची नळी आणि तिसऱ्याचा लाकडी दस्ता अशी मिळून तयार झालेली रायफल. जोडणी म्हणजे हलका माल असं मात्र नाही. लंडनच्या रिग्बी कंपनीने जर्मनीतल्या माउझरच्या सांगाड्यावर स्वतः रायफली बांधल्या आणि त्या जगभर नावाजल्या गेल्या. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये भेट मिळालेली .२७५ बोअरची रायफल याच जातीची.

म्हणून "जोडलेली आहे का?" हा प्रश्न पुरेसा नाही. "कुणी जोडली, कोणत्या परवान्यावर जोडली आणि त्याची नोंद कुठे आहे?" हे विचारायला हवं. त्या हिशेबाने बाजारात तीन प्रकार दिसतात.

१. मूळ बंदूककंपनीनेच जोडलेली. सांगाडा बाहेरचा असला तरी कंपनीचं नाव, क्रमांक आणि चाचणीचे शिक्के जागेवर असतात.

२. नंतर परवानाधारक कारागिराने नळी किंवा बोल्ट बदललेली. काम अधिकृत असेल तर बिल असतं, नोंद असते.

३. कुणी, कधी, कुठे जोडली याचा पत्ताच नसलेली. स्वस्त असते ती हीच.

तिसऱ्या प्रकाराची भीती इथे जास्त का?

धार जिल्ह्यातलं सिंघाना, बडवानीतलं उमर्ती, बुऱ्हाणपूरकडचं पाचोरी ही नावं पोलिसांच्या कारवायांमुळे सीमेच्या दोन्ही बाजूंना माहीत आहेत. तिथल्या बेकायदा कामात मुख्यतः पिस्तुलं आणि कट्टे सापडतात. पण जिथे धातूवर हात चालतो तिथे जुन्या सांगाड्याला नळी बसवणं, पुसट क्रमांक "उजळवणं", विदेशी कंपनीचा शिक्का मारणं अवघड राहत नाही. नक्षी सुंदर आहे, काळा रंग चकचकीत आहे एवढ्यावर भाळू नये. ७०-८० वर्षांच्या रायफलीवरची अक्षरं कालच कोरल्यासारखी टोकदार दिसत असतील तर उलट शंका घ्यावी.

आधी कागद

शस्त्र कायदा १९५९ चा आहे, नियम २०१६ चे आणि मोठी दुरुस्ती २०१९ ची. खरेदीदाराने यातल्या या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

सुटा भागही शस्त्रच : आपल्या कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे भाग येतात. अमेरिकेत सांगाड्याला बंदूक मानतात आणि नळी, दस्ता दुकानातून सहज घेता येतो. तिकडे राहणारा भाचा "घरीच जोडली" म्हणतो ते तिथलं. इथे परवान्याशिवाय शस्त्र बनवणं, बदलणं, दुरुस्त करणं हा गुन्हा आहे आणि २०१९ नंतर त्याची शिक्षा किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे.

क्रमांक आणि नाव : बनवणाऱ्याचं नाव, क्रमांक किंवा ओळखचिन्ह नसलेलं शस्त्र विकता येत नाही. क्रमांक खोडलेलं शस्त्र ज्याच्याकडे सापडतं, त्यानेच तो खोडला असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावरच येते. "घेतली तेव्हाच असं होतं" एवढं म्हणून सुटका होत नाही.

४५ दिवस : खासगी परवानाधारकाला आपलं शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला विकता येतं. मात्र आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यावे लागतात. "आज पैसे द्या, आज घेऊन जा" म्हणणारा विक्रेता इथेच उघडा पडतो.

दोनची मर्यादा : पूर्वी एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता येत. २०१९ च्या दुरुस्तीने ती दोन झाली आणि वारशाने आलेलं शस्त्रही त्यातच मोजलं जातं. तिसरं शस्त्र काढून टाकावं लागल्यामुळे काही चांगल्या जुन्या रायफली खरोखरच विक्रीला आल्या. म्हणून स्वस्त रायफल संशयास्पदच असते असं नाही. खऱ्या विक्रेत्याकडे ती का विकतो याचं कागदी कारण असतं, एवढंच.

परवान्यावरची नोंद : विक्रेत्याचा परवाना चालू आहे का, त्यावर यूआयएन क्रमांक आहे का, आणि त्यावरचा शस्त्रक्रमांक, बोअर व कंपनी हे रायफलीवरच्या शिक्क्यांशी अक्षर न अक्षर जुळतं का, ते पाहावं. परवान्यावर .३१५ आणि नळीवर दुसराच आकडा, असं असेल तर बोलणी तिथेच थांबवावीत.

मग बोअर

ब्रिटिश काळात लष्करी काडतुसाच्या रायफली सामान्य माणसाला मिळू नयेत म्हणून .३१५ बोअर रुळला. बर्मिंगहॅमच्या बीएसएने तशा रायफली बनवल्या, पुढे पश्चिम बंगालमधल्या इशापूर रायफल फॅक्टरीने. या रायफलीची काडतुसं आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' आणि '८ एमएम' दिसतं ते यामुळे. इशापूरने .३०-०६ बोअरच्या रायफलीही बनवल्या आहेत.

.३०३ आणि ७.६२ मिमीच्या रायफली, तसंच या बोअरचं लष्करी काडतूस ज्यात बसतं आणि उडतं अशी कोणतीही रायफल, प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. त्याचा परवाना जिल्ह्याच्या कचेरीत मिळत नाही, तो केंद्रीय गृह मंत्रालयाचा विषय आहे. जोडणीच्या रायफलीत हा धोका खरा आहे, कारण नळी किंवा चेंबर बदललं की बोअर बदलतो आणि बाहेरचा शिक्का जुनाच राहतो. म्हणून शिक्क्यावर विसंबू नये. परवानाधारक बंदूक कारागिराकडून चेंबर मोजून घ्यावं आणि ते लेखी घ्यावं.

दुसरा मुद्दा काडतुसाचा. .२७५ रिग्बी, .३१८ वेस्टली रिचर्ड्स, .४०४ जेफरी ही नावं ऐकायला भारदस्त आहेत. पण ज्याची काडतुसं आपल्याकडे बनत नाहीत, ती रायफल भिंतीवरची शोभा. सौद्याआधी परवाना घेऊन दुकानात जावं आणि "या बोअरचे राउंड आज आहेत का?" एवढं विचारावं. उत्तर "मागवावे लागतील" असेल तर भाव तिथेच पडला.

नळी, बोल्ट, दस्ता

तपासणी रिकाम्या रायफलीची, कारागिरासमोर आणि उजेडात करावी.

नळी : बोल्ट काढून मागून पुढे पाहावं. आटे स्वच्छ आणि कडा ठळक हव्यात. जुन्या काडतुसांच्या टोपीतला मसाला गंज धरवायचा. साफ न करता पावसाळा गेला की नळीत खड्डे पडत. थोडा काळपटपणा चालतो, खोल खड्डे नाही. आत अंगठीसारखी काळी सावली दिसली तर नळी तिथे फुगलेली असू शकते. अशी रायफल घेऊ नये.

तोंड : नळीचं टोक कापून पुन्हा घासलेलं आहे का, पाहावं. परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा वेगळा गुन्हा आहे.

बोल्टचा क्रमांक : सांगाड्यावरचा आणि बोल्टवरचा क्रमांक एकच असावा. वेगळा असेल तर बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे. मग बोल्ट आणि काडतूस यांच्यातलं अंतर कारागिराने गेज लावून मोजलंच पाहिजे. ते जास्त असेल तर काडतूस मागे फाटू शकतं, आणि गाल असतो तो तिथेच. जोडणीच्या रायफलीतला जिवाचा धोका हा आहे. इथे घासाघीस करू नये.

चाचणीचे शिक्के : इंग्लंडच्या मालावर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे शिक्के असतात. ते सांगाड्यावर आहेत आणि नळीवर नाहीत, तर नळी नंतरची. ती कुणी बसवली, त्याचं बिल मागावं.

दस्ता : सांगाड्याच्या मागे, पकडीच्या सुरुवातीला बारीक चीर असते. ती पॉलिशखाली लपते, नख फिरवलं की कळते.

"शेतात दोन बार काढून पाहू" या प्रस्तावाला नाही म्हणावं. चाचणी अधिकृत रेंजवर, परवानाधारकाच्या हातूनच व्हावी.

शेवटी भाव

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी माणसाला विदेशी शस्त्र सहसा आयात करता येत नाही, सवलत नामांकित नेमबाजांना आहे. त्यामुळे देशात जे जुनं विदेशी शस्त्र आहे त्याचा भाव गुणापेक्षा दुर्मिळतेमुळे चढतो. जोडणीची रायफल "विदेशी" म्हणून विकायचा मोह त्यातूनच येतो. नळी बदललेल्या रायफलीला मूळ कंपनीच्या अख्ख्या रायफलीचा भाव कधीही देऊ नये.

हिशेब असा मांडावा (आकडे फक्त समजण्यासाठी). समजा रायफल ८०,००० ला मिळतेय. कारागिराची तपासणी आणि दुरुस्ती १५,०००, वर्षभराची काडतुसं १०,०००. म्हणजे खरी किंमत १,०५,०००. आता उलट बाजू. उद्या विकायची झाली तर गिऱ्हाईक परवानाधारक हवं, त्याच्या दोनच्या मर्यादेत जागा हवी, त्याला हाच बोअर हवा आणि ४५ दिवस थांबायची तयारी हवी. इतक्या अरुंद बाजारात जोडणीच्या मालाला निम्मे आले तरी नशीब. म्हणजे हा सौदा गुंतवणूक नाही, खर्च आहे. तो खर्च झेपतो का, एवढंच ठरवायचं.

राज्याची हद्द ओलांडताना

महाराष्ट्रातल्या परवान्यावर मध्य प्रदेशात खरेदी करायची तर परवान्याची हद्द आधी वाचावी. तो फक्त महाराष्ट्रापुरता असेल तर धारहून रायफल गाडीत टाकून सेंधव्याच्या घाटातून येणं म्हणजे त्या प्रवासापुरतं विनापरवाना शस्त्र बाळगणं. त्याची शिक्षा २ ते ५ वर्षं. आपल्या परवाना शाखेकडून लागणारी परवानगी आणि वाहतुकीचा कागद आधी काढावा, पैसे नंतर द्यावेत. घरी आणल्यावर परवान्यावर नोंद करून घ्यावी.

कुणाला परवडतो, कुणाला नाही

पीक राखायला रायफलच हवी असं नाही. त्यासाठी कायद्यात तोंडाने भरायच्या बंदुकीची वेगळी तरतूद आहे. शिकारीचा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मिटवला. नेमबाजी शिकणाऱ्या मुलासाठी तर जोडणीची जुनी रायफल अगदीच चुकीची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेंनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल प्रकारात कांस्य मिळवलं, शेजारच्या खरगोनचे ऐश्वर्य प्रतापसिंह तोमर त्याच प्रकारात खेळतात. त्या खेळाची रायफल .२२ ची, आणि सुरुवात एअर रायफलवर करता येते. .१७७ बोअर आणि २० जूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा पुरतो.

घरातली रायफल वारसाला द्यायची असेल तर विकण्याची घाई करू नये. परवानाधारकाचं वय ७० झालं असेल किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असेल, तर त्याच्या हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. परवानाधारक वारला असेल तर शस्त्र माळ्यावर ठेवू नये. ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी आणि मग वारसाचा अर्ज करावा.

कागद पूर्ण, क्रमांक जुळलेले, काडतूस इथे मिळणारं आणि कारागिराची लेखी पावती, या चारही गोष्टी असतील तर जोडणीची रायफल मूळ मालापेक्षा स्वस्तात घेणं शहाणपणाचं ठरतं. चारातली एक जरी नसली तरी फुकट मिळाली तरी नको.