कमांड-लाइन साधने : जुन्यात भर की नवे
टर्मिनलवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामला नवा पर्याय जोडावा की वेगळा प्रोग्राम लिहावा, हा युनिक्स या संगणक प्रणालीच्या घडणीतला जुना वाद. युनिक्स घडवणाऱ्यांपैकी डग्लस मॅकिलरॉय यांनी १९७८ मध्ये नवे काम आल्यास नवा प्रोग्राम लिहावा, जुना गुंतागुंतीचा करू नये, अशी भूमिका मांडली. त्यांचे सहकारी रॉब पाइक यांनी १९८३ मध्ये फाइली जोडणाऱ्या ‘कॅट’च्या, अदृश्य चिन्हे दाखवणाऱ्या ‘-व्ही’ पर्यायावर टीका केली. त्याच कामासाठी, युनिक्स जिथे घडले त्या बेल लॅब्समध्ये ‘विस’ हा स्वतंत्र प्रोग्राम होता. तरी लोक ‘-व्ही’च वापरत राहिले; नव्या नावापेक्षा हाताखालचा पर्याय सोयीचा.

देवनागरीत हा प्रश्न नेमका दिसतो. ‘परतवाडा’ हा शब्द यूटीएफ-८ या संकेतनात २१ बाइटांचा. मोजणी करणाऱ्या ‘डब्ल्यूसी’ प्रोग्रामचा ‘-सी’ हा पर्याय तेवढेच सांगतो. त्याला नंतर जोडलेला ‘-एम’ पर्याय काना वेगळा धरून ७ चिन्हे मोजतो. वाचणाऱ्याला मात्र अक्षरे ५ दिसतात. ही भर रास्तच होती, कारण काम मोजणीचेच राहिले. अक्षरे मोजायची असतील तर मजकूर शोधणाऱ्या ‘ग्रेप’ने ती एका ओळीवर एक अशी सुटी करून, ओळी मोजणाऱ्या ‘डब्ल्यूसी -एल’कडे पाइपने (एका प्रोग्रामचे फलित दुसऱ्याला देऊन) पाठवता येतात; तिसरा पर्याय किंवा नवा प्रोग्राम, दोन्ही टळतात.