जुन्या भिंगांचें आयुष्य

सिंदखेडराजाहून मेहकरकडे निघालें म्हणजे वाटेवर दुसरबीड लागतें. बुलढाणा जिल्ह्यांतील हा भाग पठाराचा. मृगापासून हस्तापर्यंतचे पावसाचे महिने सोडले, तर वर्षाचा उरलेला काळ येथील हवा कोरडी असते. आणि वैशाखांतल्या दुपारीं ती इतकी कोरडी होते कीं, धुऊन वाळत घातलेलें धोतर घटकेच्या आंत वाळतें. शेतकऱ्याला ही हवा प्रिय असण्याचें कारण नाहीं. बैलगाडीचीं चाकें या हवेनें आटतात, धावा सैल होतात. पण एका वस्तूला मात्र ती मानवते. ती वस्तु म्हणजे छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याचें भिंग. एकाच कारखान्यांत, एकाच वर्षीं घासलेलीं दोन भिंगें घ्यावीं. एक दुसरबीडच्या एखाद्या माळवदाच्या घरांतील फडताळांत ठेवावें, दुसरें गिरगांवच्या चाळींतील पेटींत ठेवावें, आणि पन्नास वर्षांनीं दोन्ही उजेडाकडे धरून पाहावीं. पहिलें बहुधा स्वच्छ निघेल. दुसऱ्यांत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरट तंतु पसरलेले दिसतील.

हे तंतु बुरशीचे. बुरशीचें बीज हवेंत सर्वत्र असतें. तें भिंगावर पडलें म्हणून लगेच रुजत नाहीं. हवेंतील आर्द्रता शेंकडा सत्तरांच्या वर चढून दिवसेंदिवस तेथेंच राहिली, म्हणजे त्याला अंकुर फुटतो. कांच हें त्याचें अन्न नव्हे. बोटाचा तेलकट ठसा, धुळीचा कण, नळींतील वंगण, एवढ्यावर तें जगतें. परंतु वाढतांना जें आम्ल सोडतें, त्यानें कांचेचा पृष्ठभाग कोरला जातो. बुरशी पुसून काढतां येते, कोरलेली कांच पूर्ववत् होत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत न्यू गिनीच्या अरण्यांत सैन्याच्या दुर्बिणी याच रोगानें निकामी झाल्या, तेव्हां कोठें युरोप-अमेरिकेंतील कारखानदारांनीं त्याकडे गंभीरपणें पाहिलें. कोंकणांतील छायाचित्रकाराला तो रोग त्यापूर्वींच ठाऊक होता.

येथें एक विलक्षण गोष्ट घडते. ज्या कुटुंबानें भिंगाला सर्वांत अधिक जपलें, त्याचेंच भिंग पुष्कळदां आधीं गेलें. कॅमेरा मोलाचा, म्हणून तो चामड्याच्या पेटींत, पेटी फडक्यांत, फडकें ट्रंकेंत, आणि ट्रंकेला कुलूप. चामडें ओलावा शोषून धरतें, अंधार बुरशीला मानवतो, कोंडलेली हवा हालत नाहीं. आजोबांचा कॅमेरा नातवानें चाळीस वर्षांनीं बाहेर काढावा, आणि पेटी जितकी सुबक तितकें भिंग आंधळें निघावें, असा अनुभव अनेक घरांत येतो. याउलट, लग्नमुंजींच्या हंगामांत रोज बाहेर निघणारें धंदेवाइकाचें भिंग, नळीच्या पितळेवरची लाख झिजून गेली तरी, आंतून निर्मळ राहतें. त्याला वारा लागतो, ऊन लागतें, आणि बुरशीला बस्तान बसविण्यास उसंत मिळत नाहीं.

पूर्वींची माणसें काम चोख करीत, म्हणून जुन्या वस्तु टिकल्या, असें म्हणण्याची एक रीत पडली आहे. भिंगांच्या बाबतींत ती अर्धीच खरी. पडून फुटलेलें किंवा बुरशीनें खाल्लेलें भिंग कोणी जपून ठेवीत नाहीं; तें भंगारांत जातें. मागें उरतात तीं वांचलेलीं, आणि त्यांच्याकडे पाहून साऱ्या पिढीची कीर्ति गाइली जाते. तरी घडणीचा वांटा नाहीं असें मात्र नव्हे. छायाचित्राचें भिंग म्हणजे एकच कांच नसते. १८४० मध्यें पेट्झवाल यानें आखलेल्या आणि फॉइग्टलेंडर यानें घडविलेल्या भिंगांत चार कांचा होत्या. पुढच्या दोन एकमेकींस चिकटविलेल्या, मागच्या दोन सुट्या. चिकटविण्यास कॅनडांतील एका सूचिपर्णी वृक्षाचा चीक वापरीत. त्याला कॅनडा बाल्सम म्हणतात. तो जवळजवळ कांचेइतकाच प्रकाशाला वळवितो, म्हणून सांधा डोळ्यांस दिसत नाहीं. पण हा चीक म्हातारा होतो. कडेनें पिवळा पडतो, उन्हाळ्यांत सैल होतो, वाळून तडकतो आणि दोन कांचांमध्यें शिंपल्यासारखी रंगीत झांक दिसूं लागते. येथें दुसरबीडची हवाहि मित्र राहत नाहीं. वैशाखांत पत्र्याच्या छपराखालीं राहिलेलें चिकटीव भिंग बुरशीपासून वांचतें, आणि सांध्यांत उकलतें. १८९३ मध्यें डेनिस टेलर यानें तीनच सुट्या कांचांचें भिंग सिद्ध केलें. कुक ट्रिप्लेट तें हेंच. त्यांत चीक नाहींच. जाणत्या कारागिरानें तें उघडावें, कांचा पुसून पुन्हां बसवाव्या. शंभर वर्षांनींहि तें कामाला तयार.

मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि १८५५ मध्यें एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्ग निघाला. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु नारायण दाजी, तसेंच हरिश्चंद्र चिंतामण, हीं त्या पहिल्या पिढींतील नांवें. तेव्हांची रीत ओल्या कलोडियनची. कांचेवर लेप द्यावयाचा, ती रौप्यक्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, आणि ओली असतांनाच चित्र घेऊन धुवावयाची. काळवंडलेल्या बोटांनीं, द्रावणांच्या वाफेंत, मुंबईच्या खाऱ्या हवेंत भिंग हाताळावें लागे. त्याच्या आयुष्याला याहून वाईट शाळा सांपडणें कठीण.

या शाळेच्या अगदीं उलट प्रसंग १८९८ सालचा. २२ जानेवारी रोजीं, पौषी अमावास्येला, खग्रास सूर्यग्रहणाची छाया महाराष्ट्रावरून गेली आणि जगांतील नामवंत भिंगें येथें उतरलीं. विजयदुर्गला सर नॉर्मन लॉकियर आले. सोलापूर जिल्ह्यांतील जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांचा तळ पडला. जवळच अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते. त्यांच्या कॅमेऱ्याची लांबी चाळीस फूट, आणि भिंग अवघें पांच इंचांचें. तेंच भिंग १८९३ मध्यें चिलींत आणि १८९६ मध्यें जपानांत जाऊन आलें होतें; जेऊरनंतर १९०१ मध्यें सुमात्राला गेलें. आणि आपल्या वऱ्हाडांत, बडनेरा-वर्धा लोहमार्गावरील तळणी येथें, ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी उतरली. तींत मॉन्डर पतिपत्नी होतीं आणि जॉन एव्हरशेड होते.

श्रीमती ॲनी मॉन्डर यांच्याजवळचें भिंग सर्वांत लहान. डालमेयरचें, दीड इंच व्यासाचें आणि नऊ इंच नाभ्यंतराचें. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजकडून मिळालेल्या अनुदानांतून तो कॅमेरा त्यांनीं करविला होता. खग्रास स्थिति सुमारें दोन मिनिटांची. तेवढ्यांत या चिमुकल्या भिंगानें सूर्याच्या प्रभामंडलाचा असा लांब किरण टिपला कीं, तोपर्यंत तसा कोणाच्याहि छायाचित्रांत उतरला नव्हता. जेऊरचा चाळीस फुटी कॅमेरा प्रभामंडलाचा आंतला भाग मोठा करून दाखवी. दूर पसरलेला अंधुक भाग पकडण्यास लहान, तेजस्वी भिंगच हवें होतें. ज्या बाईनें हें केलें तिला रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचें सभासदत्व मिळण्यास १९१६ साल उजाडावें लागलें, कारण तोपर्यंत त्या संस्थेचे दरवाजे स्त्रियांना बंद होते. भिंगांच्या दृष्टीनें पाहिल्यास हीं सर्व मंडळी भाग्यवान. पौषांतली कोरडी, थंड हवा. खोके उघडले, काम झालें, पुन्हां बांधले. आणि मृगाचा पहिला थेंब पडण्याच्या पुष्कळ आधीं भिंगें बोटींवर चढलीं.

डेनिस टेलरचें नांव वर आलें. त्याच्याच हातून आणखी एक शोध लागला, आणि तो जुन्या भिंगांच्या मालकांनीं अवश्य ऐकावा असा आहे. कांहीं जातींची कांच हवेंत राहून काळसर, निळसर पडते. ही झांक म्हणजे दोष, असें सर्व समजत. परंतु लॉर्ड रॅले यांनीं १८८६ मध्येंच पाहिलें कीं, अशी मळलेली कांच नव्या कांचेपेक्षां अधिक प्रकाश पलीकडे जाऊं देते. टेलरलाहि आपल्या भिंगांत तेंच आढळलें. पृष्ठभागावर आलेला तो सूक्ष्म थर प्रकाशाचें परावर्तन कमी करतो. टेलरनें १९०४ मध्यें ही झांक रसायनांनीं मुद्दाम आणण्याची युक्ति काढली, आणि १९३५ मध्यें झाइसच्या कारखान्यांतील स्माकुला यानें निर्वात पेटींत लेप चढविण्याची रीत बसविली. तेव्हां वयानें आलेली निळी झांक हा रोग नव्हे. पण घरोघरीं तिला मळ समजून घांसण्यांत आलें. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर, जें हातीं येईल त्यानें. धुळींत वाळूचे कण असतात. ते कांचेला चरे पाडतात. पहिल्या लेपांची भिंगें तर इतकीं नाजूक कीं, चार वेळां पुसलीं तर लेप उरत नसे. दसऱ्याला हत्यारांबरोबर कॅमेरा पूजेला ठेवून भिंगावर हळदकुंकू वाहणाऱ्या छायाचित्रकाराची श्रद्धा मोठी खरी. पण हळदीचा कण नळींत शिरला कीं बुरशीला जेवणाचें पान मांडल्यासारखें होतें. आधीं फुंकणीनें धूळ उडवावी, मग मऊ कुंचला, आणि अगदींच निरुपाय झाला तर ओलसर मऊ कापड. पावसाळ्यांत डब्यांत सिलिका जेल ठेवावें; तें मिळत नसे तेव्हां भाजून कोरडे केलेले तांदूळ पुरचुंडींत बांधून ठेवीत.

चलच्चित्रांच्या धंद्यानें भिंगांना दुसऱ्या रीतीनें वांचविलें. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनीं विलायतेहून कॅमेरा मागवून १८९९ मध्यें मुंबईंत कुस्तीचें चित्र घेतलें. पुढें तो कॅमेरा विकला गेला. दादासाहेब फाळके १९१२ मध्यें लंडनला जाऊन विल्यमसनचा कॅमेरा घेऊन आले. कोल्हापुरांत बाबूराव पेंटरांनीं विष्णुपंत दामल्यांच्या साह्यानें १९१८ मध्यें कॅमेराच घडविला. लांकूड, दांतेरी चाकें, पेटी, सर्व कांहीं या देशांत करतां येई. भिंगाची कांच मात्र येत नसे. प्रकाशीय कांच आपल्याकडे होऊं लागली ती १९६० च्या सुमारास, कलकत्त्याच्या केंद्रीय संशोधनसंस्थेंत. जी वस्तु परदेशाहूनच आणावी लागते, ती कोणी टाकून देत नाहीं. पेटी मोडली, भिंग दुसऱ्या पेटीवर बसलें. मालक कर्जबाजारी झाला, भिंग दुसऱ्या गांवीं गेलें. अशा फिरस्त्या भिंगाला ट्रंकेंत कुजण्यास वेळच मिळाला नाहीं. त्यांतून उतरलेलीं चित्रें मात्र गेलीं. ती फीत नायट्रेटची, सहज पेट घेणारी. जानेवारी २००३ मध्यें पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारांत लागलेल्या आगींत अशा जुन्या फितींचा मोठा सांठा भस्म झाला.

नायगमवालांची पुण्याची वेधशाळा भावनगरच्या महाराजा तख्तसिंगजींच्या देणगींतून उभी राहिली होती. १९१२ मध्यें ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली, आणि सामान दक्षिणेंत कोडाईकनालला गेलें. तिचा मोठा आरसा, वीस इंचांचा, तेथें पुष्कळ वर्षें पडून होता; १९५१ मध्यें तो पुन्हां दुर्बिणींत बसला. आरशाची चांदी काळवंडते, पण ती धुऊन पुन्हां चढवितां येते. कांच तीच राहते. तळणीला आलेले एव्हरशेड १९०७ मध्यें याच कोडाईकनालला नोकरीस आले आणि पुढें तेथील संचालक झाले. तेथें सूर्याचें चित्र घेण्यासाठीं बारा इंचांचें, तीन कांचांचें एक कुक भिंग होतें. कोडाईकनाल धुक्याचें, पावसाचें गांव. दुसरबीडच्या हवेचा तेथें लवलेश नाहीं. तरी सकाळीं आकाश निवळलें कीं झांकण निघे, सूर्याचें चित्र घेतलें जाई, आणि झांकण पुन्हां बसे. हा क्रम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सुरू झाला आणि २००७ पर्यंत चालला.