आयर्लंडचे वंशाधारित नागरिकत्व : हक्क तीन पिढ्यांचा, कसोटी तारखेची

आयर्लंडबाहेर जन्मलेल्या व्यक्तीलाही वंशाच्या आधारे त्या देशाचे नागरिकत्व मिळू शकते. १९५६ चा आयरिश राष्ट्रीयत्व व नागरिकत्व कायदा आणि त्यात वेळोवेळी झालेल्या दुरुस्त्या हा या हक्काचा आधार आहे. मात्र केवळ पूर्वज आयरिश असून भागत नाही. तो किती पिढ्यांमागचा आणि नोंदणी केव्हा झाली, यावर हक्क ठरतो.

आई किंवा वडील आयर्लंड बेटावर जन्मलेले आयरिश नागरिक असल्यास अपत्य कोठेही जन्मले तरी जन्मतःच आयरिश नागरिक असते. त्याला थेट पारपत्रासाठी अर्ज करता येतो. 'बेट' या शब्दात ब्रिटनच्या अखत्यारीतील उत्तर आयर्लंडचाही समावेश होतो.

आजी-आजोबांपैकी कोणी त्या बेटावर जन्मलेले असल्यास नातवंडाला आयर्लंडच्या परराष्ट्र व्यवहार विभागाकडील परदेशस्थ जन्मांच्या नोंदवहीत नाव नोंदवावे लागते. नागरिकत्व नोंदणीच्या दिवसापासून लागू होते, जन्मापासून नव्हे.

या तारखेचा परिणाम पुढच्या पिढीवर होतो. समजा, कॉर्क येथे जन्मलेली एक स्त्री लिव्हरपूलला स्थायिक झाली. तिच्या तेथे जन्मलेल्या मुलाला नोंदणीची गरज नाही, नातवाला आहे. नातवाने स्वतःच्या अपत्याच्या जन्मापूर्वी नाव नोंदवले असेल, तरच ते अपत्य नोंदणीस पात्र ठरते. नोंदणी नंतर झाल्यास वंशाची साखळी तेथेच तुटते.

अर्जासोबत तिन्ही पिढ्यांचे जन्मदाखले, तसेच विवाह व नावबदलाचे पुरावे जोडावे लागतात. आयर्लंडमध्ये सर्वधर्मीयांच्या जन्मांची सरकारी नोंद १८६४ पासून होत आहे. १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील आगीत अनेक जुने दस्तऐवज नष्ट झाले. जन्मनोंदी अन्यत्र असल्याने वाचल्या.

आयरिश नागरिक हा युरोपीय संघाचाही नागरिक असतो. त्यामुळे २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमतानंतर ब्रिटनमधून येणाऱ्या अर्जांत मोठी वाढ झाली.

आयर्लंडला दुहेरी नागरिकत्व मान्य आहे, भारताला नाही. भारतीय नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने, नोंदणीद्वारेही, अन्य देशाचे नागरिकत्व स्वीकारल्यास भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. आयरिश आजी-आजोबांच्या भारतीय नातवंडांना म्हणूनच नोंदणीपूर्वी दोन नागरिकत्वांपैकी एकाची निवड करावी लागते.