धसका: घेतलेला की बसलेला?

अपघातानंतर कुणी रात्री दचकून उठू लागलं की आपण म्हणतो, 'त्याने धसकाच घेतला.' घेतला, म्हणजे जणू त्याच्याच मर्जीने. आज ज्या दुखण्याला पीटीएसडी किंवा आघातोत्तर ताणविकार म्हणतात, त्याच्या नावांची कुळकथा म्हणजे हा दोष माणसाच्या माथ्यावरून उतरवण्याची धडपड आहे.

1866 साली लंडनचे शल्यचिकित्सक जॉन एरिकसेन यांनी रेल्वे अपघातातून वाचलेल्यांच्या तक्रारींचं मूळ पाठीच्या कण्यात शोधलं. त्या दुखण्याला 'रेल्वे स्पाइन' म्हणू लागले. 1871 मध्ये जेकब डा कोस्टा यांनी अमेरिकी यादवी युद्धातल्या सैनिकांची छातीतली धडधड नोंदवली आणि 'इरिटेबल हार्ट' हे नाव दिलं. पहिल्या महायुद्धात, फेब्रुवारी 1915 मध्ये, चार्ल्स मायर्स यांच्या 'लॅन्सेट'मधल्या लेखातून 'शेल शॉक' हा शब्द वैद्यकात आला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने हे होतं, असा समज होता. पण स्फोटाच्या आसपासही नसलेले सैनिक थरथरत येऊ लागले, तेव्हा बोट त्यांच्या हिमतीकडे वळलं. पळपुटेपणा, भित्रेपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश लष्कराने 306 सैनिकांना गोळ्या घातल्या. मरणोत्तर माफी मिळायला 2006 साल उजाडलं.

त्याच युद्धात एडिनबराच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डॉ. रिव्हर्स मात्र रुग्णांना 'विसरून जा' म्हणत नव्हते. जे आठवतं ते बोला, म्हणत होते.

पुढे 1970 च्या सुमारास व्हिएतनामहून परतलेले सैनिक न्यूयॉर्कमध्ये एकत्र बसून बोलू लागले. 1974 मध्ये बोस्टनच्या अ‍ॅन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी बलात्कार सोसलेल्या स्त्रियांचं असंच दुखणं मांडलं. 1980 मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत 'पीटीएसडी' आलं. या नावात कणा नाही, काळीज नाही, हिंमतही नाही. जे घडलं, तो आघात आहे.

उपचारही तिथूनच सुरू होतात. मानसशास्त्रज्ञ एड्ना फोआ यांच्या पद्धतीत रुग्ण ती घटना थेरपिस्टसमोर पुन्हा पुन्हा सांगतो, टाळलेल्या रस्त्यावर हळूहळू पाऊल टाकतो. आठवण पुसली जात नाही. पण ती 'आत्ता' न राहता 'तेव्हा'ची होते. आपल्याकडे सुरुवात करायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक आहे.

मराठीत आणखी एक प्रयोग आहे: 'धसका बसला.' जसा मार बसतो. तोच खरा आहे. मार बसलेल्या माणसाला आपण 'का घेतलास?' असं विचारत नाही, दवाखान्यात नेतो.