महामारी आणि लपलेली गाठ

जर्मनीतील फ्रायबर्ग शहरात मिना रोल नावाच्या अठरा वर्षांच्या मुलीला विचित्र झटके येऊ लागले. छातीत एकाएकी धडधड सुरू होई, डोके ठणके, चेहरा पांढराफटक पडे, उलट्या होत. झटका ओसरला की सारे शांत. या आजारातच ती दगावली. शवविच्छेदनात तिच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथींत गाठी आढळल्या. डॉ. फेलिक्स फ्रँकेल यांनी १८८६ साली लिहिलेली ही हकीकत या रोगाची पहिली नोंद मानली जाते. पुढे २००७ मध्ये तिच्या हयात नातेवाइकांची जनुके तपासली गेली, तेव्हा हा रोग त्या घराण्यात आनुवंशिक असल्याचे स्पष्ट झाले.

अधिवृक्क म्हणजे मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथी. संकट समोर दिसले की त्यांतून ॲड्रेनलिन रक्तात उतरते आणि हृदय वेगाने धावू लागते. ग्रंथीत अशी गाठ झाली, की संकट नसतानाही हे संप्रेरक पाझरत राहते. १९१२ मध्ये लुडविग पिक यांनी या गाठीला ‘फिओक्रोमोसायटोमा’ हे नाव दिले. १९२६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सेझार रू आणि अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी ती शस्त्रक्रियेने यशस्वीपणे काढली. म्हणजे गाठ वेळेवर सापडली, तर रुग्ण बहुधा बरा होतो. अडचण आहे ती सापडण्याचीच.

हा रोग दहा लाखांत वर्षाकाठी मोजक्याच लोकांना होतो. लक्षणे अशी, की घरचे म्हणतात, ‘उगाच काळजी करतोस.’ झटका आलेला असताना कोणी रक्तदाब मोजला, चोवीस तासांची लघवी किंवा रक्त तपासले, पोटाचा सीटी स्कॅन केला, तरच निदानाची साखळी पूर्ण होते.

कोविडच्या साथीत नेमकी हीच साखळी तुटली. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी महामारी जाहीर केली आणि २५ मार्चपासून आपल्याकडे टाळेबंदी आली. डॉक्टर फोनवर भेटू लागले. त्याने अनेकांची सोय झाली, पण फोनवरून दंडाला पट्टी बांधून रक्तदाब मोजता येत नाही. शिवाय धडधड आणि घाम त्या दिवसांत कोणाला येत नव्हता? देशातील ४१ कर्करोग केंद्रांच्या पाहणीत मार्च ते मे २०२० या काळात नव्या रुग्णांची नोंदणी आदल्या वर्षीपेक्षा ५४ टक्क्यांनी घटलेली दिसली. ही आकडेवारी सर्व प्रकारच्या कर्करोगांची आहे. रोग काही निम्म्यावर आला नव्हता, रुग्णच दवाखान्यापर्यंत पोचत नव्हते. नेहमीच्या गाठींची ही कथा, तर दुर्मीळ गाठींची काय असेल?

उपचारांतही एक पेच होता. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड गंभीर कोविड रुग्णांचे प्राण वाचवते असे दिसले. परंतु शरीरात अशी गाठ लपलेली असेल, तर क्वचित प्रसंगी स्टेरॉइडमुळे रक्तदाब भयंकर उसळू शकतो. त्यातच गंभीर आजाराच्या ताणाने ही संप्रेरके तशीही वाढतात. म्हणून आजारपणात केलेली तपासणी चकवू शकते. ती बरे झाल्यावर पुन्हा करावी लागते.

मात्र साथीने एक दार बंद केले, तसे दुसरे किलकिले उघडलेही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ‘एचआरसीटी स्कोअर’ हा शब्द घरोघरी पोचला. छातीच्या या स्कॅनच्या खालच्या छेदांत बहुतेक वेळा अधिवृक्क ग्रंथीही दिसतात. फुप्फुसे पाहताना काहींच्या ग्रंथीत गाठ असल्याचे असे योगायोगानेच कळले. अशा बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात, तरी त्या संप्रेरक पाझरतात का, हे तपासावे लागते. त्या धामधुमीत मात्र स्कोअरचा आकडा तेवढा वाचला गेला आणि अहवाल कपाटात गेला.

आपल्याही घरी असा अहवाल असेल, तर तो काढून शेवटपर्यंत वाचावा. अधिवृक्क किंवा ‘ॲड्रेनल’ ग्रंथीतील गाठीचा उल्लेख असेल, तर घाबरून न जाता तो डॉक्टरांना दाखवावा. आणि धडधड, घाम, डोकेदुखी असे झटके वारंवार येत असतील, तर नुसत्या फोनवर समाधान न मानता प्रत्यक्ष जाऊन रक्तदाब मोजून घ्यावा.