लाल छपराखालचे जेवण

१/ कॅनडातील क्वेबेक शहराच्या तटबंदीआड, सेंट लुई रस्त्यावर पांढऱ्या भिंतींचे आणि उतरत्या लाल छपराचे एक घर आहे : मेझों जाके. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील हे घर शहरातील सर्वांत जुन्या घरांपैकी एक. १९६६ मध्ये येथे 'ओ आंसियां कानादियां', म्हणजे 'जुन्या कॅनेडियनांकडे', हे भोजनगृह सुरू झाले. हे जुने कॅनेडियन कोण? 🧵

२/ १३ सप्टेंबर १७५९ रोजी तटाबाहेरील अब्राहमच्या पठारावर फ्रेंच सैन्याचा इंग्रजांनी पराभव केला. १७६३ च्या पॅरिस तहाने फ्रान्सला भारतातील पुद्दुचेरी परत मिळाली. क्वेबेक मात्र कायमचे गेले. फ्रेंच बोलणारे तेथील शेतकरी इंग्रज राजाची प्रजा झाले.

३/ १८१५ ते १८२४ या काळात या घरात राहिलेल्या फिलिप ओबेर द गास्पे यांनी त्याच पराभवाच्या काळावर १८६३ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, कादंबरी प्रसिद्ध केली. लोप पावत चाललेल्या चालीरीती, सण, पंगती त्यांनी तीत नोंदवल्या. भोजनगृहाने त्या कादंबरीचेच नाव घेतले.

४/ या परंपरेतील पदार्थ कोणते? सुक्या पिवळ्या वाटाण्याचे सूप, डुकराच्या पायांचा रस्सा, पिठाच्या पारीत मांसाचे सारण भरून भाजलेली 'तुर्तिएर'. सुका वाटाणा आणि खारवलेले मांस दीर्घ हिवाळ्यात टिकत असे. हे राजवाड्यातील नव्हे, शेतकऱ्याच्या चुलीवरील अन्न.

५/ मग १९६६ मध्येच ते भोजनगृहात का आले? तो क्वेबेकच्या 'शांत क्रांती'चा काळ. चर्चची पकड सैल होत होती, ग्रामीण जीवन मागे पडत होते. जुने शहर १९६३ मध्येच ऐतिहासिक क्षेत्र घोषित झाले होते. रोजच्या जगण्यातून जे निसटू लागते, त्यालाच आपण वारसा म्हणू लागतो.

६/ मात्र जेवणाच्या शेवटी मेपलच्या पाकाचा गोड पदार्थ येतो आणि प्रश्न पुन्हा उभा राहतो. मेपलच्या झाडाचा रस काढण्याची विद्या युरोपीय वसाहतवाल्यांनी तेथील मूलनिवासींकडून घेतली. 'कॅनडा' हा शब्दही मूलनिवासींच्या इरोक्वियन भाषेतील 'कनाता', म्हणजे गाव, यावरून आला. जित फ्रेंचांनी आपली स्मृती ताटात जपली, हे खरे. पण त्यांच्याही आधीच्या कॅनेडियनांचे नाव दारावरील पाटीवर नाही.