गॅब्रिएलवर उतरलेली माणसं

मॉरिशसमधल्या ग्रां बेच्या धक्क्यावर कॅटमरान लागली होती आणि पोरं तिच्यावर पाण्याच्या बाटल्यांची खोकी चढवत होती. सवयीनं मी मोजली. सव्वीस प्रवाशांसाठी एका दिवसाची नऊ खोकी. एवढं पाणी कशाला म्हणून विचारलं, तर एक पोरगा अडखळत्या हिंदीत म्हणाला, "आंटी, तिकडे बेटावर प्यायचं पाणी नाही. सगळं इथूनच न्यायचं." चौतीस वर्षं मी मुंबईत साथीच्या रोगांच्या वॉर्डात परिचारिका होते. पटकीचा रोगी आला की त्याचं नाव कागदावर चढण्याआधी सलाईन चढलेलं असायचं, आणि मग रात्रभर एकच हिशेब: पाणी किती गेलं, किती भरलं. त्या पोराचं वाक्य म्हणूनच दिवसभर माझ्यासोबत राहिलं.

मॉरिशसला येणारे खूपसे भारतीय प्रवासी पूर्व किनाऱ्यावरच्या इल ओ सर्फला जातात. भाचीनं तिथलंच बुकिंग करायचं ठरवलं होतं. मीच हट्टानं उत्तरेकडची सहल घ्यायला लावली. सकाळी निघायचं, क्वॅं द मीर बेटाला वळसा घालून पुढच्या दोन बेटांमध्ये नांगर टाकायचा, पोहायचं, स्नॉर्केल लावून पोवळी बघायची, भाजलेली मासळी खायची आणि उन्हं कलायच्या आत परत. त्या दोन बेटांची नावं इल प्लात आणि गॅब्रिएल. गॅब्रिएल हे नाव मी मॉरिशसच्या नकाशावर पाहिलं नव्हतं, पटकीच्या इतिहासात वाचलं होतं.

बोटीबद्दल एक सांगते. कॅटमरान हा शब्द आपल्याला परदेशी वाटतो, पण तो तमिळ किनाऱ्यावरचा आहे: कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडं. ओंडके दोरानं आवळून बांधायचे आणि त्यावर बसून मासेमारीला जायचं. आज त्याच नावाची दोन नाळांची पांढरीशुभ्र बोट जगभरातल्या प्रवाशांना फिरवते. मधल्या जाळीवर पालथं पडलं की खालून पाणी तोंडावर उडतं. भाचीची मुलं दिवसभर तिथून हलली नाहीत.

तासाभरात क्वॅं द मीर उजव्या हाताला आलं. एका बाजूनं कड्यासारखं तुटलेलं आणि दुसरीकडे उतरत गेलेलं. तोफेचा नेम धरताना तिच्या मागच्या भागाखाली लाकडी पाचर ठोकत, त्या पाचरीवरून त्याचं नाव पडलं. कड्याच्या कपारींत लांब शेपटीचे पांढरे पक्षी घरटी करतात. एअर मॉरिशसच्या विमानाच्या शेपटीवर असतो तोच हा पक्षी. त्यापुढे समुद्र जरा खवळलेला होता. दोघा-तिघांना उलट्या झाल्या. मी त्यांना डोक्यावर ओला रुमाल ठेवून क्षितिजाकडे बघत बसायला सांगितलं.

मग एकदम पाणी शांत झालं. डावीकडे प्लात, त्यावर दीपगृह. उजवीकडे गॅब्रिएल, ठेंगणं, झुडपांचं, पांढऱ्या वाळूचं. दोन्हींच्या मधे फिकट हिरव्या रंगाचा उथळ समुद्र. त्या पाण्यात पाच-सहा बोटी आधीच नांगर टाकून उभ्या होत्या आणि प्रत्येकीवर गाणी लागली होती.

जानेवारी १८५६ मध्ये याच गॅब्रिएल बेटावर कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांतली शेकडो माणसं उतरवण्यात आली. जहाजांची नावं होती 'हैदरी' आणि 'फतेह मुबारक'. ज्यानं कोणी ती नावं ठेवली असतील त्यानं शुभ चिंतूनच ठेवली असणार.

हे कसं घडलं ते समजायला थोडं मागं जावं लागतं. १ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी बंद झाली. मुक्त झालेल्यांपैकी फार थोड्यांना उसाच्या मळ्यांत राहायचं होतं. मळेवाल्यांनी त्याआधीच हिंदुस्थानकडे नजर वळवली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' जहाजातून छत्तीस मजूर पोर्ट लुईला उतरले. ते छोटा नागपूर भागातले डोंगरी लोक होते. पाच वर्षांचा करार, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. फसवणुकीचा आणि हालांचा बोभाटा झाल्यावर १८३९ मध्ये ही मजूरभरती बंद करण्यात आली, पण तीन-चार वर्षांत ती सरकारी देखरेखीखाली पुन्हा सुरू झाली. १८४९ मध्ये पोर्ट लुईच्या बंदरावर मजुरांचा डेपो उभा राहिला. त्यालाच पुढे कुली घाट आणि आता आप्रवासी घाट म्हणतात. समुद्रातून वर येणाऱ्या त्याच्या सोळा पायऱ्या आजही शाबूत आहेत. एकंदर साडेचार लाखांवर माणसं मॉरिशसच्या किनाऱ्याला लागली. २००६ मध्ये युनेस्कोनं त्या घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

मॉरिशसला पटकीची दहशत होती आणि ती खोटी नव्हती. १८१९ मध्ये 'टोपाझ' ही युद्धनौका आली आणि तिच्यामागोमाग पटकी आली. १८५४ मध्ये पुन्हा साथ आली आणि हजारो माणसं गेली. पोर्ट लुईतल्या लोकांनी घराघरांतून तिरड्या निघताना पाहिल्या होत्या. जेमतेम दोन वर्षं झाली नाहीत तोच कलकत्त्याची दोन जहाजं आली आणि त्यांवर पटकी असल्याचं कळलं. शहर खवळलं. काही झालं तरी ही माणसं किनाऱ्याला लागू द्यायची नाहीत, असा दबाव गव्हर्नर हिगिन्सनवर आला. मग त्यांना गॅब्रिएलवर ठेवण्यात आलं. तिथे निवारा अपुरा होता आणि पाणीही अपुरं होतं. दोनशेहून अधिक माणसं त्या बेटावर मेली.

भाचीनं स्नॉर्केलची नळी माझ्या तोंडात दिली. मी पाण्यात तोंड घातलं. माझा जन्म कोकणातला, संगमेश्वराजवळचा, पण समुद्राचा तळ असा कधी पाहिला नव्हता. काळ्या समुद्रकाकड्या वाळूत पडल्या होत्या. एक निळा-हिरवा पोपटमासा पोवळ्याला चोच लावत होता आणि त्याचा करकर आवाज मला पाण्याखाली स्पष्ट ऐकू येत होता. पोवळं कुरतडून त्याची तो वाळू करतो, आणि आपण पायाखाली तुडवतो त्या पांढऱ्या वाळूत त्याचाही वाटा असतो. श्वास नळीतून येत-जात होता. किती सुंदर होतं ते सगळं! ते सुंदर आहे हे मान्य करायला मला काहीच अडचण वाटली नाही. बेटाचा त्यात काय दोष?

पण बाहेर येऊन वाळूवर बसले आणि हात हिशेबाला लागला. जोराची पटकी झालेल्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जातं. पहिल्या दिवसात त्याला दहा-बारा लिटर किंवा त्याहून जास्त द्रव परत द्यावा लागतो. नाही दिला तर निम्म्यापर्यंत रोगी दगावतात. दिला तर शंभरातला एखादाच. आमच्या वॉर्डात मी डोळे आत गेलेली, नाडी न लागणारी, बोटांची कातडी धोबिणीच्या हातासारखी सुरकुतलेली माणसं संध्याकाळी येताना आणि तिसऱ्या दिवशी चालत घरी जाताना पाहिली आहेत. दुसऱ्या कुठल्या रोगात माणूस मरणाच्या इतका जवळ जाऊन इतक्या लवकर परत येत नाही. लागतं मुख्यतः पाणी. आणि शेकडो माणसांना ठेवलं कुठे, तर जिथे आजही सव्वीस जणांसाठी नऊ खोकी बोटीतून न्यावी लागतात अशा बेटावर, ऐन जानेवारीत. मॉरिशसमध्ये जानेवारी म्हणजे भर उन्हाळा.

त्या काळी कोणाला ठाऊक नव्हतं, असं म्हणता येईल. ते अर्धं खरं आहे. पटकी पाण्यातून पसरते हे लंडनच्या जॉन स्नो यांनी १८५४ च्या साथीत दाखवून दिलं होतं, पण बहुतेक डॉक्टर अजून दूषित हवेलाच दोष देत होते. पटकीचा जंतू जंतुशास्त्रज्ञ कॉख यांना कलकत्त्यात सापडला तो १८८४ मध्ये. मीठ-साखर-पाण्याचा उपाय मोठ्या प्रमाणावर वापरून दाखवला तो डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये, बनगावच्या निर्वासित छावणीत. हे सगळं १८५६ च्या माणसांकडे नव्हतं. मात्र तहानलेल्याला पाणी आणि तापलेल्याला सावली द्यावी, हे कळायला जंतू सापडावा लागत नाही. रोग्याला वेगळं ठेवणं मी चूक म्हणणार नाही. आयुष्यभर मी तेच केलं. वेगळं ठेवलेल्याची जबाबदारी मात्र दुप्पट होते, कारण त्याच्या हाकेला धावून येणारं दुसरं कोणी तिथे उरलेलं नसतं. गॅब्रिएलवर रोग्यांना वेगळं ठेवलं नाही, टाकून दिलं. माझं हे मत पक्कं आहे.

ही बातमी कलकत्त्याला पोहोचली आणि चौकशी झाली. त्याच वर्षी हिंदुस्थानातल्या सरकारनं मॉरिशसला मजूर पाठवणं थांबवलं. उसाला माणसं हवी होती, त्यामुळे ही बंदी फार टिकली नाही, पण तिचा परिणाम झाला. प्लातवर इमारती बांधून रीतसर विलगीकरण केंद्र उभं राहिलं. त्या रुग्णालयाचे आणि दफनभूमीचे अवशेष आजही प्लातवर आहेत. आमच्या सहलीत तिथे उतरायचं नव्हतं. वाळूवरून मला दिसत होतं ते फक्त दीपगृह. ते १८५५ मध्ये बांधलेलं, म्हणजे गॅब्रिएलवरच्या माणसांनाही ते रात्री दिसत असणार. मॉरिशसशी नातं असलेले फ्रेंच कादंबरीकार ल क्लेझियो यांनी याच प्लातवरच्या विलगीकरणावर 'ला कारांतेन' ही कादंबरी लिहिली. ती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली.

'हैदरी'वर आणि 'फतेह मुबारक'वर आपल्याकडचं कोणी नसणार. ती जहाजं कलकत्त्याची. पण मुंबई बंदरातूनही जहाजं जात होती. कलकत्त्याहून सर्वांत जास्त माणसं गेली, त्याखालोखाल मद्रासहून आणि सर्वांत कमी मुंबईहून. त्या कमीत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतली माणसं होती. त्यांचे वंशज आज घरात क्रिओल बोलतात, पण शाळेत मराठी शिकतात. गणेश चतुर्थीला मॉरिशसभर सुट्टी असते. कास्कावेल गावाकडच्या अशाच एका घरात आम्हाला जेवायला बोलावलं होतं. घरातल्या आजींना मराठीची दहा-वीस वाक्यंच येत होती. मी संगमेश्वरची म्हटल्यावर त्या उठल्या, पदर खोचला आणि पायानं ठेका धरून जाखडीचा एक फेर घेऊन दाखवला. तिथे त्याला झाकरी म्हणतात. पाऊल तेच. आमच्या गावी गणपतीत रात्र रात्र चालतं ते. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. आजींनी मला जवळ घेतलं आणि क्रिओलमध्ये काहीतरी म्हणाल्या. ते काय हे मी कोणाला विचारलं नाही.

आमच्या घरच्या वंशावळीत माझ्या खापरपणजोबांच्या भावाचं नाव आहे: गणू. त्याच्या नावाखाली रेघ पुढे जात नाही. शेजारी कोणीतरी बारीक अक्षरात 'समुद्रापार' एवढंच लिहून ठेवलंय. माझी आजी सांगायची की दोन भावांत भांडण झालं, धाकटा मुंबईला गेला आणि तिथून जहाजावर चढला. कुठल्या देशाला गेला ते तिलाही ठाऊक नव्हतं. त्याचं नाव, बापाचं नाव आणि गाव एका कागदावर लिहून मी मॉरिशसला घेऊन गेले होते, आणि तो कागद चौकशीसाठी देऊन आले. अजून काही हाती लागलेलं नाही. कदाचित तो मॉरिशसला गेलाच नसेल.

तीन वाजता नांगर उचलला. खोक्यांतल्या बाटल्या जवळजवळ संपल्या होत्या. रिकाम्या बाटल्या पोरांनी पोत्यात भरल्या. बेटावर मागे काही राहू नये म्हणून एक जण वाळूवर फेरी मारून आला. निघताना मी माझ्या बाटलीतलं उरलेलं पाणी गॅब्रिएलच्या वाळूवर ओतलं. पितृपक्षात ओंजळीतून सोडतात तसं. पाण्याशिवाय माझ्याकडे तिथे द्यायला दुसरं काही नव्हतं.

कोकणातल्या, घाटावरच्या ज्या घरांत असा एखादा 'समुद्रापार' गेलेला गणू, तानू किंवा भिकू असेल, त्यांना माझी एकच विनंती आहे. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर त्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव आणि तालुका विचारून लिहून ठेवा. मॉरिशसला गेलेल्या मजुरांच्या नोंदवह्या मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेल्या आहेत. नोंदीत माणसाचा क्रमांक, जहाज, वय, उंची, अंगावरची खूण आणि गाव लिहिलेलं असतं, आणि १८६० नंतरच्या दशकांतल्या पुष्कळांचे फोटोही तिथे आहेत.